घाटासाठी इंजिन, पाणंदीसाठी चाके : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. घरासाठी नवी एसयूव्ही घ्यायचे ठरले आहे, मॉडेलही जवळपास पक्के झाले आहे. पण त्याच मॉडेलमध्ये तीन इंजिने, चार प्रकारचे गिअरबॉक्स आणि वर चारही चाकांना ओढ देणारी व्यवस्था असे पर्याय समोर आले की घरातली बैठक लांबत जाते. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी खानापुरात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करतो. महिन्यातून दोनदा सासुरवाडीला गोव्याला जाणे होते, कधी चोर्ला घाटाने, तर कधी अनमोडने. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत. शेतघराकडे जाणारी शेवटची अर्धा किलोमीटर पाणंद तांबड्या मातीची आणि चढाची आहे. अठरा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. साधे पेट्रोल, टर्बो-पेट्रोल, डिझेल की हायब्रिड? आणि पावसाळ्याचा विचार करून ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यावी का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण घाटाविषयी सविस्तर विचारले आहे, पण निर्णय ज्यावर ठरतो ती गोष्ट ओझरती लिहिली आहे, आणि ती म्हणजे रोजची ये-जा. खानापूर ते बेळगाव एका बाजूने सुमारे २६ किलोमीटर. पंचवीस दिवसांचे १,३०० किलोमीटर होतात आणि त्यात गोव्याच्या दोन फेऱ्या मिळवल्या की महिन्याचा आकडा १,७०० च्या आसपास जातो. एवढी गाडी चालवणाऱ्याने केवळ खरेदीची किंमत कमी म्हणून साधे पेट्रोल घेऊ नये.

हिशेब मांडूनच पाहू. पेट्रोल १०३ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लीटर धरू. आपल्या रस्त्यांवर साधी पेट्रोल एसयूव्ही लीटरला १३ आणि डिझेल १७ किलोमीटर देते असे मानू. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये ९२ पैसे आणि डिझेलचा ५ रुपये ३५ पैसे पडतो, म्हणजे फरक २ रुपये ५७ पैशांचा. त्याच श्रेणीतली डिझेल गाडी शोरूमच्या दरात दीड लाखाने महाग धरली, तर कर्नाटकात तो फरक आणखी फुगतो, कारण १० ते २० लाखांच्या गाडीवर १७ टक्के आजीवन कर आणि त्या करावर ११ टक्के उपकर लागतो. दीड लाखाचे असे १ लाख ७८ हजार होतात. त्याला २.५७ ने भागले की सुमारे ६९ हजार किलोमीटर येतात. आपण वर्षाला वीस हजारांवर धावणार, म्हणजे साडेतीन वर्षांत जादा मोजलेले पैसे वसूल होतात. शोरूममध्ये हा भागाकार कोणी करून दाखवत नाही, तिथे फक्त मासिक हप्ता दाखवतात.

आता घाट. ह्युंदाई क्रेटा आणि किआ सेल्टोस या भावंडांमध्ये दीड लीटरची तीन इंजिने मिळत असल्यामुळे तुलना सोपी जाते. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती ११५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, १४४ न्यूटन-मीटर आहे. टर्बो-पेट्रोलचे, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबून ताकद वाढवलेल्या पेट्रोल इंजिनाचे, आकडे १६० आणि २५३. डिझेलचे ११६ आणि २५०. म्हणजे साधे पेट्रोल आणि डिझेल यांची अश्वशक्ती जवळपास सारखी, पण ओढीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यातही साध्या पेट्रोलची पूर्ण ओढ ४,५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या झाल्यावर) मिळते, तर डिझेलची १,५०० पासूनच हाताशी असते. गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर चोर्ल्याचे कोंडाळ्यासारखे वळण असताना वळणातून बाहेर पडताच जी ओढ लागते, ती डिझेल दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता देते. साधे पेट्रोल तेच काम करते, पण त्यासाठी इंजिनाला ओरडायला लावावे लागते, आणि मागे ट्रक असला की चालवणाऱ्याचा घसाही कोरडा पडतो.

टर्बो-पेट्रोलमध्ये ओढ आहे, गाडी चालवण्याची मजाही सर्वांत जास्त आहे. पण तिचे मायलेज चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर फार अवलंबून असते. घाटात आणि ओव्हरटेक करताना पाय जड झाला की ती साध्या पेट्रोलइतकेच, कधी त्याहून जास्त पितेही. महिन्याला १,७०० किलोमीटर चालवणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

हायब्रिडविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण घाट आणि हायब्रिड यांच्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन आणि विजेची मोटर मिळून ११६ पीएस शक्ती देतात. कंपनीचा मायलेजचा दावा लीटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. रोजच्या वापरात त्यातले वीस-एकवीस पदरी पडले तरी पुष्कळ झाले. ‘घाट उतरताना बॅटरी भरते, म्हणजे परतीचा चढ फुकट’ असे विक्रेते सांगतात. हे अर्धेच खरे आहे. माणसांसह दीड टन वजनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर त्या उतारात सुमारे २ युनिट वीज दडलेली असते. हे तेच युनिट, जे आपल्या वीजबिलावर छापलेले असते. त्यातला काही भाग टायरच्या घर्षणात आणि हवेच्या रोधात जातो, तरी युनिटभर तरी उरते. आणि या गाडीची बॅटरी किती मोठी आहे? पाऊण युनिटाची, त्यातही गाडी तिचा मधला काही भागच वापरते. म्हणजे घाट निम्मा उतरायच्या आतच ती भरते आणि पुढचा उतार गाडीला इंजिन फिरवून किंवा ब्रेकवरच रोखावा लागतो. अशा वेळी डिस्प्लेवर बॅटरी भरलेली दिसताच गिअरचा लिव्हर ‘बी’ वर घ्यावा, म्हणजे इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. चोर्ला घाटाच्या माथ्याजवळच्या कणकुंबीहून खाली उतरताना वळणावर चाकातून धूर निघत असलेली गाडी आणि रस्त्यावर उभे राहिलेले कुटुंब मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण ऑटोमॅटिक गाडीतही तितकीच लागू आहे.

हायब्रिडचा खरा फायदा गर्दीच्या रस्त्यावर आणि सारखे थांबत-चालत जाण्यात आहे. आपला बहुतेक प्रवास सरळ महामार्गाचा आहे, त्यामुळे तो फायदा आपल्याला कमी मिळेल. शिवाय ती सहसा मधल्या श्रेणीपासूनच मिळते आणि मागची डिकी बॅटरीमुळे लहान होते; गोव्याहून फणस, नारळ आणि सासूबाईंनी दिलेल्या पिशव्या आणणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हचा प्रश्न उरतो. घाटातल्या पावसाची भीती वाटते म्हणून ती घ्यावी, असे आपल्या मनात असेल, तर एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी चढायला आणि चिखलातून निघायला मदत होते. ओल्या वळणावर थांबायला तिचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि रस्त्याला धरून ठेवतात ते टायर. कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात, पण खानापूर-जांबोटीच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी ठेवणार नाही. ऑल-व्हीलसाठी जे लाख-दीड लाख जादा मोजाल, त्यात दहा वर्षांचे चांगले टायर येतील.

पाणंदीसाठी मात्र एक बारकी गोष्ट उपयोगी पडेल. क्रेटासारख्या गाडीत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते. गाडी भरलेली असताना चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि तांबड्या चिखलात जागीच फिरू लागतात. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ती खड्डा करून त्यातच बसतात. अशा वेळी मुलांना खाली उतरवावे, गाडी वळवावी आणि तो चढ रिव्हर्समध्ये चढावा. मग ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर वजन पडते आणि गाडी निमूट वर जाते. बघणाऱ्या शेजाऱ्यांना हे विचित्र दिसेल, पण एकदा जमले की पुन्हा ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.

थोडक्यात, डिझेल घ्यावे. स्वतः चालवत असाल तर सहा गिअरचा मॅन्युअल, आणि पत्नीही चालवणार असतील तर टॉर्क-कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा) ऑटोमॅटिक.

प्रश्न : आमचे निपाणीत दुकान आहे. गाडी घर, दुकान आणि मुलांची शाळा एवढ्यात फिरते. एक फेरी दोन-तीन किलोमीटरची. वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूर आणि एखादे वेळी पुणे. यजमानांचा हट्ट डिझेलचा आहे, ‘पुलिंग लागते’ म्हणून. कागलचे आमचे दीर म्हणतात, गाडी त्यांच्या पत्त्यावर महाराष्ट्रात घ्या, एक लाख वाचतील. काय करावे? (एक वाचिका, निपाणी)

उत्तर : आपल्या घरात डिझेल येऊ देऊ नका, आणि हे उत्तर यजमानांना अवश्य वाचून दाखवा.

२०२० सालच्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी बसवलेली असते. ती इंजिनातून निघणारी काजळी धरून ठेवते आणि पुरेशी भरली की ती काजळी जाळून टाकते. पण जाळण्यासाठी ती सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी बऱ्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटे चालावी लागते. आपली फेरी दोन-तीन किलोमीटरची, म्हणजे इंजिनाचे पाणी गरम होते न होते तोच दुकान येते आणि गाडी बंद होते. जाळण्याचे काम अर्धवट राहते; पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. त्यात जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. तेल मोजायची डिपस्टिक ओढून पाहिली तर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि तेलाला डिझेलचा वास येतो. माझ्या परिचयाचे एक व्यापारी याच कारणाने दर दोन महिन्यांनी गॅरेजमध्ये जात असत. डॅशबोर्डवर या गाळणीचा पिवळा दिवा लागला की त्यांचा दिवस गेलाच म्हणून समजावे. आता ते दर रविवारी सकाळी संकेश्वरपर्यंत महामार्गाने गाडी नेऊन आणतात. तवंदी घाटाचा चढ आणि पुढचा सलग वेग मिळाला की गाळणी साफ होते. ज्यांच्याकडे डिझेल आधीच आहे त्यांनी असेच करावे. पण नवी गाडी घेताना ही शिक्षा मुद्दाम कशाला ओढवून घ्यायची?

पैशांचा हिशेबही तसाच आहे. वरच्या उत्तरातला भागाकार आपल्याला लावला, तर महिन्याला साडेचारशे किलोमीटरांवर डिझेलचे जादा पैसे वसूल व्हायला बारा-तेरा वर्षे लागतील. यजमानांना पुलिंग हवेच असेल तर टर्बो-पेट्रोल घ्यावे. एवढ्या कमी फिरण्यात तिच्या तहानेची चिंता नाही. फक्त तिच्याबरोबर येणारा सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा असेल, तर दुकानाच्या गल्लीतल्या बाजाराच्या दिवशीच्या गर्दीत तो ब्रेक सोडून इंचाइंचाने पुढे सरकवू नये, क्लच तापतो. पुढच्या गाडीपासून दोन हात अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे घ्यावी.

पेट्रोलबाबत एक पुस्ती. आता पंपावर मिळते ते २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल. आपल्याच चिकोडी-निपाणी-अथणी पट्ट्यातला ऊस कारखान्यांच्या डिस्टिलरीतून त्यात जातो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत दर लीटरला सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज काही टक्क्यांनी घटते. नवी गाडी एप्रिल २०२३ नंतरच्या नियमांत बनलेली असल्याने तिचे नळ आणि रबर त्यासाठी तयार असतात. जुन्या गाडीबद्दल लोक जी भीती घालतात ती नव्या गाडीला लागू नाही.

दिरांचा सल्ला हिशेबाने चुकीचा नाही. पंधरा लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, आणि कर्नाटकात उपकरासह सुमारे २ लाख ८३ हजार कर पडतो. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ स्पष्ट आहे: गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्या वेळी तिथला करही भरावा लागतो. ज्या दिवशी निपाणीत कोणी कोल्हापूरच्या एमएच-०९ पाटीच्या गाडीला हात करून कागद मागेल, त्या दिवशी वाचलेले पैसे जातील आणि मनस्ताप वर. शिवाय विम्याच्या दाव्याच्या वेळी गाडी प्रत्यक्षात कुठे राहते हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. आपण आपल्या चिकोडीच्या केए-२३ पाटीवरच समाधानी राहावे. (दिरांना त्यांच्या पुढच्या खरेदीसाठी एक गोष्ट सांगावी: महाराष्ट्रात डिझेल गाडीवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त कर पडतो. कर्नाटकात गाडीच्या किमतीवर कर ठरतो, इंधनाचा हा भेद नाही.)

प्रश्न : मी निवृत्त आहे, टिळकवाडीत राहतो. रोज दहा-पंधरा किलोमीटर शहरातच. वर्षातून चार वेळा पुण्याला मुलीकडे. हायब्रिड घ्यावी की इलेक्ट्रिक? डिझेल दहा वर्षांनी बंद होते असे ऐकून ते सोडून दिले. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : डिझेल सोडलेत ते बरे केलेत, पण कारण चुकीचे आहे. दहा वर्षांची मर्यादा हा दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रातला विषय आहे. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून वाढवता येते. आपल्यासाठी डिझेल चुकीचे आहे ते निपाणीच्या भगिनींना सांगितलेल्याच कारणाने.

उरलेल्या दोन पर्यायांत निवड आपल्या घराच्या फाटकावर होईल. आवारात गाडी उभी राहते आणि तिथपर्यंत स्वतःच्या मीटरची वायर येते, असे असेल तर इलेक्ट्रिक घ्यावी. सात किलोवॉटचा घरगुती चार्जर बसवण्यापूर्वी हेस्कॉम या वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. जुन्या बंगल्यांच्या वायरिंगवर तो तसाच चढवू नये. रस्त्यावर शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिट जातात. म्हणजे ५१.४ युनिटांची बॅटरी असलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकने पुण्याचे सुमारे ३४० किलोमीटर एका दमात गाठण्याचा हट्ट धरू नये. साताऱ्याच्या आसपास तासभर थांबावे, जेवण करावे. आपल्या वयाला तसाही तो थांबा हवाच असतो.

गाडी गल्लीत उभी राहत असेल, तर हायब्रिड. पहिल्या किंवा दुसऱ्या रेल्वे गेटपाशी रांगेत अडकल्यावर आजूबाजूची सगळी इंजिने घरघरत असताना आपले बंद असते. मायलेजमध्ये त्याचा परिणाम आठवड्याभरात दिसतो.

प्रश्न : मूळचा हल्याळचा, आता जोयडा तालुक्यात शेती करतो. डांबरी रस्त्यापासून घर चार किलोमीटर, जंगलातून, मधे एक ओढा. पावसाळ्यात घरच्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी अडकू नये. ऑल-व्हील ड्राइव्ह पुरेल का? (एक वाचक, जोयडा)

उत्तर : पुरणार नाही. खानापूरच्या वाचकांना मी नको म्हटले, ती गोष्ट आपल्याला हवी आहे, पण तिचा मजबूत अवतार. शहरी एसयूव्हीतली ऑल-व्हील व्यवस्था पुढची चाके घसरली की मागच्यांना ओढ पाठवते. चार मिनिटे चिखलात झुंजवली की तिचा क्लच तापतो आणि ती स्वतःहून बंद होते. आपल्याला लो-रेंज असलेली खरी फोर-बाय-फोर लागेल, म्हणजे ट्रॅक्टरच्या पहिल्या गिअरसारखा जादा जड गिअर असलेली. महिंद्रा स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्सच्या डिझेल फोर-बाय-फोर श्रेणींत तो मिळतो. मारुती जिम्नीतही मिळतो, पण ती चौघांची गाडी आहे. आजारी माणसाला मागच्या सीटवर आडवे करून नेणे तिच्यात जमणार नाही.

एक सवय लावून घ्यावी. डांबरावर आल्याबरोबर फोर-बाय-फोर काढून टू-व्हीलवर यावे, कारण कोरड्या रस्त्यावर वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि जोडलेल्या शाफ्टवर ताण येतो. स्टिअरिंग जड लागू लागते, ती त्याचीच खूण. ओढ्याशी आधी कोणाला तरी काठी घेऊन पायी उतरवावे. पाणी चाकाच्या मधल्या टोपणाच्या वर जात असेल किंवा काठी टेकताना ओढ जाणवत असेल, तर गाडी पाण्यात घालू नये. पलीकडे निघाल्यावर शंभर पावले ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवावी, म्हणजे ब्रेकमधले पाणी सुटते, आणि मगच वेग धरावा.